घरातील क्षार आणि त्यांची खरी नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनासाठी विषय कळवा, असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी "रासायनिक बंध आणि संयुगांची नावे" असे लिहून पाठविले. त्यावर आपल्यातील एक भगिनी मला म्हणाल्या, "बाई, आम्हाले काही घरच्या कामाचं सांगा न वो. हे शाळेतलं कायले?" मी त्यांना म्हटले, की ज्याला आपण शाळेतले म्हणतो ते सारे आपल्या फडताळात, न्हाणीघरात आणि पाण्याच्या माठात भरून ठेवलेले आहे. आपण त्याला हाक मारतो ती मात्र टोपणनावाने. टोपणनावाने घरातले माणूस ओळखता येते, पण परके ओळखता येत नाही. आज मला त्यांची पाळण्यातली नावे आपल्याला सांगावयाची आहेत.

माझे माहेर दर्यापूरकडचे आणि सासर अकोला जिल्ह्यातले, पूर्णाकाठचे. म्हणजे जन्म खाऱ्या पाण्यावर आणि संसारही खाऱ्याच पाण्यावर. पुढे अमरावतीस शाळेत रसायनशास्त्र शिकविण्यात माझा जन्म गेला. एके वर्षी मी वर्गातील मुलींना सांगितले, की उद्या येताना प्रत्येकीने घरून चिमूटभर "सोडा" आणावा. दुसऱ्या दिवशी टेबलावर पुड्यांची रांग लागली. कोणी भज्यात घालावयाचा सोडा आणला होता, कोणी कपडे धुण्याचा. एकीच्या आईने पापडखार बांधून दिला होता. एका गमत्या मुलीने सोडावॉटरची बाटलीच आणली. आणि एकीने आणली होती मोरी तुंबली म्हणजे टाकतात त्या कॉस्टिक सोड्याची पुडी. तिचा कागद ओलसर होऊन चिकट झाला होता. ती पुडी मी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली आणि मुलीला आधी हात धुवावयास पाठविले.

पहा, नाव एकच, "सोडा". पण पहिला पोटात गेला तर चालतो. त्याचे नाव सोडियम बायकार्बोनेट. दुसरा सोडियम कार्बोनेट. तो हाताची साले काढतो. पापडखार हे बहुतांशी या दोघांचेच मिश्रण. सोडावॉटरमध्ये तर सोडियम असावाच लागतो असे नाही. ते पाण्यात विरविलेले कार्बन डायऑक्साइड. आणि कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो कातडी, जीभ, अन्ननलिका सारे जाळतो. टोपणनावाने फसवले, खऱ्या नावाने नसते फसवले. म्हणून नावे कशी ठेवतात ते समजून घेतले पाहिजे. पण त्याआधी पदार्थ एकत्र कसे राहतात ते पाहू, कारण नावाची रीत त्यावरूनच ठरते.

जगातील सर्व वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत, आणि प्रत्येक अणूच्या बाहेरच्या अंगाला इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. अणूंचे एकमेकांशी नाते जुळते ते या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे. हे नाते मुख्यतः तीन प्रकारचे.

पहिला प्रकार देण्याघेण्याचा. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, आणि तो त्याला जड झालेला असतो. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात असतात, आणि त्याला एक हवा असतो. सोडियम देतो, क्लोरीन घेतो. देणारा धनप्रभारित होतो, घेणारा ऋणप्रभारित, आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना घट्ट ओढून धरतात. अशा प्रभारित अणूला आयन म्हणतात आणि या बंधाला आयनिक बंध. आता नवल पहा. सोडियम हा असा धातू, की पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा असा वायू, की १९१५ साली पहिल्या महायुद्धात तो सैनिकांवर सोडला गेला. आणि या दोघांचे जे लग्न लागते त्यातून आपले रोजचे मीठ होते. म्हणून क्लोरीन आणि क्लोराइड यांत फरक करावयास शिका. नावाचा शेवट बदलला, की विषाचे मीठ होते.

दुसरा प्रकार सामाइकीचा. दोन शेजारघरांत एक आड असतो, दोन्ही घरे त्यावर पाणी भरतात, आणि त्या आडापायी एकमेकांना सोडून जात नाहीत. तसे दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध. पाणी, साखर, तेल, स्वयंपाकाचा गॅस, आपला श्वास हे सारे या जातीचे.

तिसरा प्रकार धातूंचा, आणि तो आपल्याला समजावून सांगावयास नकोच, कारण आपण सगळ्या भिशी चालवितो. धातूतील प्रत्येक अणू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सामुदायिक ठेवीत टाकतो. मग तो कोणा एकाचा राहत नाही, सगळ्यांत फिरत असतो. म्हणून तांब्याच्या तारेतून वीज वाहते, आणि म्हणूनच तांबट हंड्यावर ठोके घालतो तेव्हा हंडा फुटत नाही, पसरतो. अणू सरकले तरी भिशी मोडत नाही. मिठाच्या खड्यावर बत्ता घाला, तो फुटेल. कारण तेथे थर सरकला, की सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलून देतात.

हे घरी पडताळून पाहता येते. तव्यावर साखर टाका. ती पाघळते, तपकिरी होते आणि जळते. मीठ टाका, तडतडेल, पण वितळणार नाही. त्याला वितळावयास सुमारे ८०० अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि आपला तवा तेथवर तापत नाही. पण हेच बळकट मीठ पाण्यात टाकताच दिसेनासे होते, कारण पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. ते सोडियमला आणि क्लोराइडला वेगवेगळे ओढून नेते. हे लक्षात ठेवा. पुढे कामास येईल.

आता नावांकडे वळू. युरोपातही एके काळी टोपणनावांचाच कारभार होता. शिशाच्या एका क्षाराला तेथे "शिशाची साखर" म्हणत, कारण तो चवीला गोड लागे. आणि होता मात्र जहर. हा गोंधळ मोडण्यासाठी १७८७ साली लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी नवी नामपद्धती प्रसिद्ध केली. नावावरूनच घटक कळावेत, हे तिचे सूत्र. लाव्हाझिएची पत्नी मारी आन हिचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते. तिने पतीच्या कामासाठी इंग्रजी शिकून रसायनाचे ग्रंथ फ्रेंचमध्ये आणले, आणि त्याच्या १७८९ च्या प्रसिद्ध ग्रंथातील उपकरणांची चित्रे स्वतः काढली. संसार सांभाळून शास्त्र करणाऱ्या बाईचे नाव अशा सभेत घेतले पाहिजे, म्हणून घेतले.

त्या पद्धतीतून पुढे वाढलेले नियम आपल्या कामापुरते चारच आहेत.

पहिला: धातूचे नाव आधी येते, ते बदलत नाही. नंतर येणाऱ्या अधातूच्या नावाला "आइड" लागते. सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ, कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना. साधारणपणे "आइड" दिसले, की दोनच मूलद्रव्ये समजावीत. हायड्रॉक्साइड हा अपवाद.

दुसरा: शेवटी "एट" आले, की घटकात ऑक्सिजनही आहे. कार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट. "एट"चे "आइट" झाले, की त्याच कुळात ऑक्सिजन कमी झाला. नायट्रेटमध्ये ऑक्सिजनचे तीन अणू, नायट्राइटमध्ये दोन.

तिसरा: काही धातू कधी दोन इलेक्ट्रॉन देतात, कधी तीन. लोहाने दोन दिले तर फेरस, तीन दिले तर फेरिक. नव्या पुस्तकांत लोह दोन, लोह तीन असेही लिहितात.

चौथा: दोन्ही अधातू असले, म्हणजे बंध सामाइकीचा असला, तर अणूंची संख्या नावातच सांगावी लागते. मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन. देण्याघेण्याच्या बंधात हिशेब प्रभारावरून आपोआप ठरतो. सामाइकीत तो बोलून दाखवावा लागतो.

एवढे चार नियम हाती घेऊन आता आपण आपल्या वऱ्हाडात हिंडून येऊ.

सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी पूर्णा दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतून पुढे शेगाव-संग्रामपूरकडे वाहते. तिच्या दोन्ही तीरांचा खोल गाळाचा पट्टा म्हणजे आपला खारपाणपट्टा. येथल्या काळ्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही. क्षार खालीच साचून राहतात. विहीर खणावी तो खारे पाणी लागते. याच खाऱ्या पाण्याने एकदा आपले नाव इतिहासात नेले आहे. १९३० साली दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, तेव्हा वऱ्हाडाला समुद्र कोठला? मग अकोला जिल्ह्यातील दहिहंडा येथे खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून मीठ काढण्यात आले आणि सत्याग्रह झाला. विहिरीने तेव्हा आपली लाज राखली. पण तेच पाणी रोज प्यावयाचे म्हटले, म्हणजे त्याची नीट चौकशी केली पाहिजे.

ही चौकशी कोणी करावयाची? पाणी भरणारीने. प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल येतो आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहतो. तो मागून घ्या आणि वाचा. त्यात कोठेही "मीठ" असे लिहिलेले नसते. सोडियम वेगळे, क्लोराइड वेगळे, कॅल्शियम वेगळे. याचे कारण आपण मघाशी पाहिले. पाण्यात गेल्यावर ही जोडपी सुटी होतात, म्हणून तपासणारा त्यांची शिरगणती वेगवेगळी करतो.

अहवालातील पहिली ओळ बहुधा एकूण विरघळलेल्या क्षारांची. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरे पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. त्यापुढे नाही.

मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. "दाळ शिजत नाही वो बाई" ही आपली जी नेहमीची तक्रार, तिचे मूळ बहुतेक वेळा या दोघांत असते. ते डाळीच्या दाण्याला घट्ट करतात आणि साबणाशी संयोग पावून त्याचा फेस होऊ न देता चोथा करतात. यातला जो भाग बायकार्बोनेटाबरोबर असतो तो पाणी उकळले, की कॅल्शियम कार्बोनेट होऊन पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. क्लोराइड आणि सल्फेट यांच्याबरोबरचा भाग मात्र उकळून जात नाही.

येथे एक गोष्ट ठासून सांगते. पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार मरत नाहीत. वाफ जाते ती पाण्याची, आयन खालीच राहतात. उलट पाणी आटले तर त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीने गाळ खाली बसतो, क्षार बसत नाहीत. क्षार काढावयाचे तर आर. ओ. सारखे यंत्र हवे, नाही तर धरणाचे किंवा पावसाचे गोडे पाणी हवे.

हे सर्वांत महत्त्वाचे कोठे, तर नायट्रेटच्या ओळीशी. खतांतून, उकिरड्यांतून, शौचखड्ड्यांतून नायट्रेट विहिरीत झिरपते. त्याला रंग नाही, वास नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तान्ह्या मुलाला वरचे दूध द्यावे लागले आणि पावडर असल्या पाण्यात कालवली, म्हणजे पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. एकच ऑक्सिजन गेला, "एट"चे "आइट" झाले. हे नायट्राइट रक्तातल्या फेरस लोहाला फेरिक करून टाकते, आणि फेरिक लोहाला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मूल ओठांशी, नखांशी निळे पडू लागते. असे दिसले तर तडक दवाखाना गाठावा. सहा महिन्यांच्या आतील मुलांना हा धोका अधिक. आता सांगा, हे पाणी "शुद्ध व्हावे म्हणून" कोणी अर्धा तास उकळले, तर तिने बाळाचे भले केले की वाईट? मायेत काही उणे नव्हते, पण अहवालातली ओळ वाचली नव्हती. सहा महिने अंगावरचेच दूध आणि वर पाण्याचा थेंबही नको, असे डॉक्टर सांगतात. आपल्या पट्ट्यात तर त्या सांगण्याला दुप्पट वजन आहे.

त्याच कागदावर "उर्वरित क्लोरीन" अशी एक ओळ असते आणि "क्लोराइड" अशी दुसरी. पुष्कळजणी दोन्ही एकच समजतात. उर्वरित क्लोरीन हे जंतू मारावयास घातलेले औषध. नळाच्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावेच. क्लोराइड हा मिठाचा भाग. तो जितका कमी तितका बरा. तसेच फ्लोराइड. ते दीड मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. सतत अधिक गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे धरतात.

पाण्याकडून हवेकडे येऊ. चौथा नियम आठवा. कार्बन डायऑक्साइड आपण दर श्वासाला बाहेर टाकतो. त्यातला एक ऑक्सिजन कमी झाला, की कार्बन मोनॉक्साइड. कोळसा पुरत्या हवेत जळला तर पहिला निघतो. बंद खोलीत कोंडून जळला तर दुसरा. तो दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. आपल्याकडे पौष-माघात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत आहे, वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून. शेक जरूर द्या. पण खिडकी उघडी ठेवा, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्या. न्हाणीघरातील गॅसच्या बंबालाही हाच नियम. "मोनो" आणि "डाय" यांतला फरक परीक्षेत एका गुणाचा असेल. तेथे तो दोन जिवांचा असतो.

आता तिसरा नियम, आणि तो आपल्या रक्ताचा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. आरोग्यसेविका ज्या लोहाच्या गोळ्या देते त्यांच्या पाकिटावर बहुधा फेरस सल्फेट किंवा फेरस फ्युमरेट असे लिहिलेले असते. फेरस का? कारण आतड्याला फेरस लोह सहज घेता येते, फेरिक तितके घेता येत नाही. तव्यावरचा गंज हा फेरिक ऑक्साइड. तो चाटून रक्त वाढत नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर चहातील द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते वाया जाते. उलट आंबट फळातील क जीवनसत्त्व फेरिकचे फेरस करावयास मदत करते. आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी-वरूडकडे, संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. गोळीनंतर तासाभराने चहा, आणि गोळीबरोबर संत्र्याच्या चार फोडी, एवढे केले तरी पुष्कळ. मात्र या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड लेपामुळे मुले त्या मूठभर खातात, आणि त्या प्रमाणात लोह विषासमान होते. फेरस सल्फेटचेच बाजारी रूप म्हणजे हिराकस; तो मात्र औषध समजून पोटात घेऊ नये.

संत्र्यांची आठवण निघाली, तर बागेतल्या मोरचुदाचीही काढते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, असे बोर्डो मिश्रण बागाईतदार झाडांवर फवारतात. मोरचूद लोखंडी बादलीत कालवीत नाहीत, कारण लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबे बसते. मिश्रणात पुरेसा चुना पडला की नाही हे पाहण्यासाठी विळ्याचे पाते बुडवितात. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी. हा केवढा सुंदर प्रयोग आपल्या बांधावर रोज होतो! पण मोरचुदाचे निळे खडे मुलाला खडीसाखरेसारखे वाटतात, म्हणून ते कुलपात असावेत.

शेवटी न्हाणीघर. फरशी घासण्याचे आम्ल म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक, आणि ब्लीचिंग पावडरीत असते कॅल्शियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकदम टाकली तर फरशी अधिक स्वच्छ होईल, असे वाटते. होते असे, की क्लोरीन वायू सुटतो. तोच, १९१५ चा. लहानशा बंद न्हाणीघरात तो छाती कोंडून टाकतो. एका वेळी एकच वापरा, आणि त्याच्या मागून भरपूर पाणी टाका.

भगिनींनो, मंडळाने या वर्षी तीन कामे अंगावर घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. एक, प्रत्येकीने घरातील पुड्या-बाटल्यांवर टोपणनावाखाली खरे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि आम्ल किंवा कॉस्टिक सोडा पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. दोन, ज्यांची घरे विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर आहेत त्यांनी पाण्याचा अहवाल मागून आणावा, आणि तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात मोठ्याने वाचावा. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा हे वाण बरे. तीन, आरोग्यसेविकेला एक दिवस मंडळात बोलावून गोळ्यांची आणि तान्ह्यांच्या पाण्याची माहिती घ्यावी.

आपण लेकीसुनांची नावे किती विचाराने ठेवतो. राशीचे अक्षर पाहतो, आजीचे नाव मागे लावतो, म्हणजे ऐकणाऱ्याला घर कळावे. पदार्थांची नावेही तशीच घर सांगणारी आहेत. ती परभाषेतली म्हणून भिऊ नका. स्टेशन, टेबल, डॉक्टर हे शब्दही एकेकाळी परकेच होते. चार नियम पाठ करा आणि पुढची बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरची ओळ वाचा.